सोन्याची स्मृतिनाणी घेताय? आधी विकण्याचा भाव विचारा

स्मृतिनाणं, म्हणजे कमेमोरेटिव्ह कॉइन, हे एखाद्या प्रसंगानिमित्त टांकसाळीने काढलेलं नाणं. ऑलिंपिक, राज्यारोहण, कुठल्यातरी गोष्टीला झालेली शंभर वर्षं, निमित्त काहीही चालतं. सोन्यात काढलं की दिसायला जबरदस्त, पेटी मखमली, सोबत नंबर घातलेलं सर्टिफिकेट, आणि जाहिरातीत "मर्यादित आवृत्ती" हे दोन शब्द असतातच असतात. आवड म्हणून घेत असाल तर प्रश्नच नाही, आवडलं की घ्या, पुढचं वाचायचीही तशी गरज नाही. पण गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर पैसे देण्याआधी एक काम करा: तेच नाणं आज विकायला काढलं तर हातात किती पडतील ते दोन-तीन ठिकाणी विचारा. बाकी सगळं ज्ञान या एका प्रश्नाच्या मागून येतं.

आता किमतीत काय काय असतं ते बघू. एक भाग सोन्याचा, तो वितळवलं तरी राहतो. दुसरा भाग टांकसाळीचा नि विक्रेत्याचा खर्च आणि नफा, तो तुम्ही दुकानाबाहेर पडलात की गेलाच. आणि तिसरा भाग संग्राहकांच्या हौसेचा, म्हणजे हे नाणं कुणालातरी सोन्यापेक्षा जास्त किमतीला हवंय म्हणून मिळणारा पैसा. हा तिसरा भाग वाढू शकतो, शून्यही होऊ शकतो. विक्रेता तुम्हाला दुसरा आणि तिसरा भाग एकत्र करून "कलेक्टर व्हॅल्यू" म्हणून दाखवतो, आणि तिथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

सोन्याचा भाग काढायला फक्त गुणाकार लागतो. नाण्याचं एकूण वजन गुणिले शुद्धता, म्हणजे हजार भागांत सोन्याचे किती भाग आहेत ते. शुद्धता ९९९.९ म्हणजे २४ कॅरेट, ९१६.७ म्हणजे २२ कॅरेट, ९०० म्हणजे २१.६ कॅरेट, जुन्या अमेरिकन नाण्यांची हीच शुद्धता. ट्रॉय औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम, आणि "एक औंसचं नाणं" म्हटलं की त्यात शुद्ध सोनं तेवढं असतं, एकूण वजन तेवढं असेलच असं नाही. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगररँड घ्या, १९६७ पासून निघतंय, २२ कॅरेट आहे म्हणून त्याचं एकूण वजन ३३.९३ ग्रॅम भरतं पण आत शुद्ध सोनं बरोबर एक औंस, वरचं सगळं तांबं. अमेरिकेची ५ डॉलरची सोन्याची स्मृतिनाणी १९८६ पासून बरीच निघाली, त्यांचं वजन ८.३५९ ग्रॅम आणि शुद्धता ९००, म्हणजे आत ७.५२ ग्रॅम सोनं. हे एकदा पाठ झालं की कुठल्याही जाहिरातीसमोर मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढून पाच सेकंदात कळतं की आपल्याला सोनं विकतायत की गोष्ट.

यात एक क्लासिक सापळा आहे तो सांगतोच. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकला कॅनडाने १०० डॉलरची सोन्याची नाणी काढली, दोन प्रकारची. चित्र तेच, दर्शनी किंमत तीच, वर्ष तेच. एक १४ कॅरेटचं, वजन १३.३४ ग्रॅम, आत पाव औंस म्हणजे ७.७८ ग्रॅम सोनं. दुसरं २२ कॅरेटचं, वजन १६.९७ ग्रॅम, आत अर्धा औंस म्हणजे १५.५५ ग्रॅम. सोनं थेट दुप्पट! आणि गंमत म्हणजे कमी सोन्याचं नाणं आकाराने मोठं आहे, २७ मिलिमीटर, आणि जास्त सोन्याचं २५ मिलिमीटर. फोटो बघून "मोठं आहे म्हणजे भारी असणार" म्हणून घेतलं की संपलं. त्यामुळे नावावर, चित्रावर, दर्शनी किमतीवर कधीच जायचं नाही, वजन आणि शुद्धता लेखी मागायची.

आता प्रीमियम. सोन्याच्या किमतीच्या वर जेवढं देता तो प्रीमियम. समजा नाण्यातल्या सोन्याची आजची किंमत १०० आहे, विक्रेता १६० मागतोय, आणि परत विकायला गेलात तर डीलर ९७ देणार. म्हणजे नुसते पैसे सुटायला सोन्याचा भाव साधारण ६५ टक्के वाढला पाहिजे. वाढेलही, सोनं वाढतं, पण मग तेच १६० साध्या बुलियन नाण्यात, म्हणजे फक्त सोन्यासाठी घेतल्या जाणाऱ्या नाण्यात, घातले असते, जिथे प्रीमियम चार-पाच टक्क्यांच्या आसपास असतो, तर जवळजवळ सगळी वाढ खिशात आली असती. लोक वीस वर्षांनी म्हणतात "बघा माझ्या स्मृतिनाण्याची किंमत दुप्पट झाली", अरे, सोनं किती पट झालं तेही बघ की. स्मृतिनाण्याची तुलना नेहमी तेवढ्याच पैशात आलेल्या साध्या सोन्याशी करायची, घेतलेल्या किमतीशी नाही. हा एक नियम पाळला तर निम्मी नाणी आपोआप यादीतून उडतात.

लहान नाण्यांचं आणखी एक. अर्धा ग्रॅम, एक ग्रॅम अशी चिमुकली स्मृतिनाणी "परवडणारी" म्हणून विकतात. एकूण रक्कम कमी दिसते म्हणून परवडणारी वाटतात, पण पेटी, छपाई, सर्टिफिकेट, कुरियर यांचा खर्च मोठ्या नाण्याइतकाच, तो इवल्याशा सोन्यावर पसरतो आणि प्रति ग्रॅम भाव कुठल्याकुठे जातो. गुंतवणूक म्हणून यांच्या वाटेला जाऊ नका, माझं स्पष्ट मत.

मग कुठल्या स्मृतिनाण्याचा प्रीमियम टिकतो? लोक म्हणतात, कमी नाणी काढली की किंमत वाढते. अर्धं खरं आहे. आधी हे बघा की तो आकडा कुठला आहे. टांकसाळ जाहीर करते ती कमाल मर्यादा, म्हणजे इतक्यापर्यंत काढू. प्रत्यक्षात किती विकली गेली हा वेगळा आकडा, तो नंतर कळतो, आणि कामाचा तोच. अमेरिकेचंच उदाहरण घेऊ कारण तिथले आकडे जाहीर होतात. १९८६ ला स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या शताब्दीचं ५ डॉलरचं सोन्याचं नाणं निघालं, मर्यादा ५ लाख, तुफान मागणी, सगळी संपली. आता तुम्हीच सांगा, ५ लाख लोकांकडे जपून ठेवलेलं, पेटीसकट, एकही न हरवलेलं नाणं दुर्मिळ कसं होणार? आजही ते सोन्याच्या भावाच्या अगदी जवळपास मिळतं. उलट १९९७ ला बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनच्या नावाचं तसंच ५ डॉलरचं नाणं निघालं, त्याचा अनसर्क्युलेटेड, म्हणजे साध्या ठोकणीचा, प्रकार फक्त ५,१७४ विकला गेला. त्यावेळी कुणी फार ढुंकूनही बघितलं नाही. आणि नेमकं त्याच कारणाने पुढे संपूर्ण सेट जमवणाऱ्यांना ते मिळेना आणि भाव सोन्याच्या कितीतरी पट गेला. दोन्हीत सोनं मात्र एकच, ७.५२ ग्रॅम.

म्हणजे ज्या नाण्यासाठी पहिल्या दिवशी रांगा लागतात त्यात नंतर फार काही उरत नाही, आणि जे पडून राहतं त्यातलंच एखादं पुढे निघतं. पण म्हणून न विकलं जाणारं प्रत्येक नाणं घेत सुटू नका हां, कारण पाच हजारच नाणी आहेत पण ती हवी असणारे पाचशेच लोक आहेत, तर ते दुर्मिळ असूनही स्वस्तच राहतं. जॅकी रॉबिन्सनचं चाललं कारण ते एका अशा मालिकेत बसतं जिचे संग्राहक भरपूर आहेत, आणि सेट पूर्ण करायचा तर त्याला पर्याय नाही. हीच गोष्ट १९८९ च्या ब्रिटिश सॉव्हरिनची. सॉव्हरिन १८१७ पासूनचं आधुनिक नाणं, ७.९८ ग्रॅम वजन, २२ कॅरेट, जगभर लोक जमवतात. पहिल्या सॉव्हरिनला, म्हणजे सातव्या हेन्रीच्या १४८९ च्या नाण्याला, ५०० वर्षं झाली म्हणून त्या एका वर्षी वेगळं डिझाइन काढलं, ट्यूडर गुलाबाचं. एकाच वर्षाचं डिझाइन, आणि मागे लाखो संग्राहकांची मालिका, त्यामुळे ते इतर सॉव्हरिनपेक्षा कायम चांगलंच महाग राहिलंय. २०२० ला अमेरिकेने ईगल या आपल्या नेहमीच्या सोन्याच्या नाण्यावर दुसरं महायुद्ध संपल्याच्या ७५ वर्षांची छोटी खूण उमटवून फक्त १,९४५ नाणी काढली, तीही बघता बघता गेली आणि लगेच वरच्या भावाने फिरायला लागली. परत तेच कारण: ईगल जमवणारे आधीपासूनच आहेत, नवीन गिऱ्हाईक शोधायला लागत नाही.

त्यामुळे घेण्याआधी विचारा, हे नाणं कुठल्या कुटुंबातलं आहे? मोठ्या, जुन्या, जगभर ओळखल्या जाणाऱ्या मालिकेतलं खास वर्ष असेल तर बोलू. जर्मनीची १०० युरोची सोन्याची नाणी बघा, अर्धा औंस, २००२ पासून दरवर्षी, आणि पाच टांकसाळींच्या पाच अक्षरांनी निघतात, ए, डी, एफ, जी, जे, त्यामुळे पाचही जमवणारे लोक असतात. चीनचं पांडा १९८२ पासून, जवळजवळ दरवर्षी चित्र बदलतं म्हणून वर्षावार जमवणारे आहेत. अशांना मागे बाजार असतो. आणि याउलट एखाद्या टीचभर बेटाच्या नावाने, तिसऱ्याच देशातल्या खाजगी कंपनीने काढलेलं, सिनेमातल्या पात्राचं सोन्याचं नाणं, ज्या बेटाचा त्या विषयाशी काडीचा संबंध नाही, ते दुसरा कोण घेणार? कायद्याने ते चलन असतंही, पण तेवढ्याने गिऱ्हाईक मिळत नाही.

पहिल्या दिवसाच्या गर्दीबद्दल एक किस्सा. राष्ट्राध्यक्ष केनेडींचं चित्र असलेल्या अर्ध्या डॉलरच्या नाण्याला ५० वर्षं झाली म्हणून २०१४ ला अमेरिकेने ते सोन्यात काढलं, पाऊण औंस, २४ कॅरेट, किंमत १,२४० डॉलर. शिकागोजवळच्या नाणे प्रदर्शनात विक्री सुरू झाली, डीलरनी लोकांना पैसे देऊन रांगेत उभं केलं, इतकी झुंबड की सुरक्षेचं कारण देऊन प्रदर्शनातली विक्री थांबवावी लागली. तिथलं पहिलं विकलं गेलेलं नाणं ग्रेडिंग, म्हणजे दर्जाची तपासणी, करून १ लाख डॉलरला गेलं. पण या नाण्याला कमाल मर्यादाच नव्हती! मागणी असेल तेवढी काढणार होते आणि काढली. आठवड्याभरात हवा गेली. म्हणून नाणं नवीन आलं की पहिल्या काही महिन्यांत दुय्यम बाजारात, म्हणजे आधी घेतलेल्यांकडून, वरच्या भावाने घेऊ नका, एकतर टांकसाळीकडून मूळ किमतीत मिळालं तर घ्या नाहीतर शांत बसा. वर्ष-दोन वर्षांनी बहुतेक नाणी मूळ किमतीच्या खाली येतात, घ्यायची खरी वेळ ती. दुसऱ्याने भरलेला प्रीमियम तुम्हाला फुकट मिळतो.

दर्शनी किंमत, म्हणजे नाण्यावर छापलेला आकडा, याचा बहुतेक वेळा काही उपयोग नसतो. एक औंसच्या ईगलवर ५० डॉलर लिहिलंय, ५० ला कोण देणार? पण उलटं झालं तर काय होतं ते जपानने दाखवलं. १९८६ ला सम्राट हिरोहितोंच्या कारकिर्दीला ६० वर्षं झाली म्हणून १ लाख येनचं सोन्याचं नाणं काढलं, त्यात २० ग्रॅम शुद्ध सोनं, आणि त्या सोन्याची तेव्हाची किंमत दर्शनी किमतीच्या निम्म्याहून कमी. सरकारला मस्त नफा. पण मग कुणीतरी डोकं चालवलं, खरं शुद्ध सोनं घेऊन हुबेहूब नाणी पाडली आणि प्रत्येकी १ लाख येनला खपवली. १९९० ला हे उघडकीला आलं तेव्हा एक लाखाहून जास्त बनावट नाणी निघाली, सगळी खऱ्या सोन्याची! यातून घ्यायचं ते एवढंच की सोनं खरं म्हणून नाणं खरं असं नसतं. वितळवायला फरक पडत नाही, पण तुम्ही संग्राहकी किमतीला घेत असाल तर नाणं खरं असणंही तितकंच लागतं.

खोटं ओळखायचं कसं? घरच्या घरी शंभर टक्के नाही ओळखता येत, पण बरंच गाळता येतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि डिजिटल व्हर्निअर कॅलिपर घ्या, दोन्ही काही महाग नसतात. वजन, व्यास, जाडी, तिन्ही टांकसाळीच्या आकड्यांशी जुळली पाहिजेत, नुसतं वजन जुळणं पुरेसं नाही, कारण हलका धातू वापरून वजन जुळवलं तर जाडी वाढते. लोहचुंबकाला चिकटलं तर खोटंच, नाही चिकटलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पाण्यात वजन करून घनता काढता येते, शुद्ध सोन्याची १९.३ आणि २२ कॅरेटची साडेसतराच्या पुढेमागे. पण टंगस्टनची घनता १९.२५, सोन्याच्या इतकी जवळ की आत टंगस्टन आणि वर सोन्याचा जाड थर असं नाणं घनतेच्या परीक्षेत पास होऊ शकतं. एक्स-रे मशीन, ज्याला लोक एक्सआरएफ म्हणतात, तेही फक्त वरचा थर वाचतं. विद्युतवाहकता मोजणारं यंत्र किंवा अल्ट्रासाउंड आतपर्यंत जातं, चांगल्या डीलरकडे असतं, समोर लावून दाखवायला सांगा, का कू करत असेल तर उठा.

आणि जाहिरातीतले शब्द नीट वाचा. "२४ कॅरेट सोन्याचा मुलामा" म्हणजे तांब्याच्या चकतीवर सोन्याचा नावापुरता थर, त्यात गुंतवणुकीसारखं काही नसतं. "मेडल", "मेडालियन", "राउंड", "ट्रिब्यूट" असं काही लिहिलंय म्हणजे ते नाणंच नाही, खाजगी कंपनीने काढलेली चकती, सोन्याची असली तर सोन्याच्या भावात घ्या, एक पैसा जास्त नको.

प्रूफ आणि साधं यातला फरकही विचारला जातो. प्रूफ म्हणजे पॉलिश केलेल्या ठशांनी एकापेक्षा जास्त वेळा ठोकलेलं, आरशासारखी पार्श्वभूमी आणि वरचं चित्र दुधी. सोनं तेवढंच. प्रूफला जास्त पैसे मोजता आणि विकताना त्यावर बोटाचा एक ठसा दिसला की ते जास्तीचे पैसे गेले.

ग्रेडिंगबद्दल थोडक्यात. १ ते ७० असा स्केल आहे, पीसीजीएस (१९८६ पासून) आणि एनजीसी (१९८७ पासून) या दोन अमेरिकन कंपन्यांचं नाव चालतं, त्या नाणं तपासून सीलबंद प्लास्टिकच्या खोक्यात देतात, त्याला स्लॅब म्हणतात. जुन्या महाग नाण्याला स्लॅब असणं चांगलंच, खरेपणाची बऱ्यापैकी खात्री मिळते, पण स्लॅबही नकली निघतात म्हणून त्यावरचा नंबर कंपनीच्या वेबसाईटवर टाकून फोटोशी ताडून बघा. आधुनिक नाण्याच्या बाबतीत मात्र ७० ला फार भुलू नका. आजची टांकसाळ इतकी सफाईने काम करते की नवीन नाणी बहुतेक ६९ किंवा ७० च येतात, त्या एका गुणासाठी दीडपट पैसे देणं, तेही भिंगातून बघूनही आपल्याला फरक दिसत नसताना, मला तरी पटत नाही. "पहिल्या दिवसाचं", "अर्ली रिलीज" ही लेबलं तर नुसते कागद आहेत.

घरी आणल्यावर, एक, साफ करू नका. कापडाने नाही, पावडरने नाही, कशानेच नाही. चमकवलेलं नाणं जाणकाराला लांबून कळतं आणि तो सरळ सोन्याच्या भावावर येतो. धरायचं तर कडेने. टांकसाळीची कॅप्सूल असेल तर त्यातून काढूच नका. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून निघणारी रसायनं नाण्यातल्या तांब्यावर हिरवट चिकट थर आणतात. शुद्ध सोन्याच्या नाण्यावरही कधीकधी लालसर ठिपके येतात, ते बहुतेक ठोकताना राहिलेल्या तांब्याच्या कणांचे असतात, घाबरू नका आणि घासूही नका. पेटी, सर्टिफिकेट, बिल सगळं एकत्र ठेवा, पेटीशिवाय स्मृतिनाणं विकायला गेलात की भाव पडतो. घरात ठेवणार असाल तर विम्यात नाण्यांचा वेगळा उल्लेख लागतो का ते पॉलिसीत वाचा, कारण बऱ्याच घरगुती पॉलिसींमध्ये अशा वस्तूंना मर्यादा असते.

कर देशोदेशी वेगळा, त्यामुळे आपल्याकडचा नियम घेण्याआधीच बघा, विकताना नाही. किती फरक पडतो त्याचा नमुना सांगतो. युरोपियन युनियनमध्ये नाणं १८०० नंतरचं, शुद्धता किमान ९००, मूळ देशात चलन असलेलं किंवा राहिलेलं, आणि सर्वसाधारण विक्रीची किंमत आतल्या सोन्याच्या किमतीपेक्षा ८० टक्क्यांहून जास्त नसलेली, एवढं जुळलं तर ते गुंतवणुकीचं सोनं धरतात आणि व्हॅट लागत नाही. म्हणजे प्रीमियम फार असेल तर वर व्हॅटही बसू शकतो, दुहेरी मार. ब्रिटनमध्ये तिथलंच चलन असलेल्या नाण्यांवर, म्हणजे सॉव्हरिन, ब्रिटानिया वगैरेंवर, भांडवली नफ्याचा कर लागत नाही, परदेशी नाण्यावर लागू शकतो.

विकायचे रस्ते तीन. डीलर लगेच पैसे देतो, भाव सगळ्यात कमी. लिलावात दुर्मिळ नाण्याला चांगला भाव येतो पण कमिशन जातं आणि महिनोन्‌महिने थांबावं लागतं, शिवाय खरेदीदारालाही वर फी असते, तो ती धरूनच बोली लावतो. थेट संग्राहकाला विकलं तर दोघांचा फायदा, पण ओळखी लागतात, त्या एका दिवसात होत नाहीत. साध्या स्मृतिनाण्यासाठी लिलावाच्या भानगडीत पडू नका. आणि भाव बघताना कुणी किती मागतंय ते बघू नका, मागायला काय जातं, गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष कितीला विकलं गेलं ते बघा, लिलावगृहं आपले जुने निकाल वेबसाईटवर ठेवतात, नाण्याचं नाव आणि वर्ष टाकलं की मिळतं. तिथे गेल्या दोन वर्षांत त्या नाण्याची एकही विक्री सापडली नाही तर विक्रेत्याला सरळ सोन्याच्या भावाची ऑफर द्या, आणि नाही म्हणाला तर पुढचं नाणं बघा.